बत्तीस दातांचा हिशेब

गेल्या दिवाळीत पेढीवर वहीपूजन आटोपले आणि घरातील लहानथोर मंडळींचे एकत्र छायाचित्र काढण्याचा बेत ठरला. छायाचित्रकाराने सर्वांना हसायला सांगितले. माझ्या तेरा वर्षांच्या पुतणीने मात्र ओठ घट्ट मिटून घेतले. पुन्हा आग्रह झाला तेव्हा ती हसली खरी, पण त्याच क्षणी तिने तळहात ओठांवर धरला. छायाचित्र तसेच निघाले. रात्री ते पाहताना वहिनी म्हणाल्या, "हिचे दात वेडेवाकडे आहेत, म्हणून ही अशी करते. आता तारा लावून घ्यायलाच हव्यात. उद्या स्थळे पाहायची वेळ आली म्हणजे धावपळ नको."

तारा लावणे ही आता आपल्या घरांत नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पंधरा दिवसांनी आम्ही तिला दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांकडे, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टकडे घेऊन गेलो. त्यांनी प्रथम दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे काढविला. तो पडद्यावर लावून त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने एकेक दात मोजला आणि मग शांतपणे सांगितले, "वाकडेपणा ही हिची दुय्यम अडचण आहे. वरच्या डाव्या बाजूचा पटाशीशेजारचा दात मुळात तयारच झालेला नाही. उजव्या बाजूचा आहे, पण तो बारीक आणि निमुळता आहे. उजवा सुळा टाळूच्या बाजूला आडवा होऊन हाडातच अडकला आहे. तुम्हाला तोंडात दिसतो तो दुधाचा सुळा. घरात आणखी कोणाचे दात असे आहेत का?"

वहिनी ताबडतोब म्हणाल्या, "छे, आमच्याकडे सर्वांचे दात उत्तम आहेत."

हे उत्तर किती चुकीचे होते ते त्याच रात्री कळले. तो प्रसंग पुढे सांगेन. प्रथम त्या दिवशी दवाखान्यातून परतताना आम्हा सर्वांच्या मनात घोळत असलेल्या प्रश्नाकडे वळतो. असे दात असणे हे काही जगावेगळे आहे काय? आमच्याच मुलीच्या वाट्याला हे का यावे? प्रस्तुत लेखक वैद्यक व्यवसायातील नाही, व्यापारी आहे. तथापि गेल्या वर्षभरात तज्ज्ञांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते समाजातील इतर कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

दातांचा जमाखर्च

माणसाला दुधाचे वीस दात येतात आणि त्यांच्या जागी, तसेच त्यांच्या मागे, कायमचे बत्तीस दात येतात. चार अक्कलदाढा वगळल्या तर अठ्ठावीस उरतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. सहा ते आठ या वयात पुढचे पटाशीचे दात बदलतात. दहा ते बारा या काळात उपदाढा येतात आणि अकरा-बाराच्या सुमारास वरचे सुळे आपल्या जागी उतरतात. हे सर्व दात जबड्याच्या हाडात बालपणीच आकार घेऊ लागतात. त्या घडणीत कोठे खंड पडला, तर जन्मभर टिकणारा फरक राहून जातो. त्यालाच दंतविसंगती म्हणतात.

या विसंगतींचे साधारणपणे चार वर्ग करता येतात. पहिला संख्येचा: एखादा दात मुळात नसणे किंवा एखादा जादा असणे. दुसरा आकारमानाचा आणि घाटाचा: दात फार बारीक असणे, फार मोठा असणे, दोन दात एकमेकांस जोडलेले असणे किंवा दाताचे मूळ वाकडे असणे. तिसरा जागेचा: दात हाडात अडकून राहणे, भलत्या ठिकाणी येणे किंवा दोन शेजारी दातांनी जागांची अदलाबदल करणे. चौथा पोताचा: दातावरील एनॅमलचे कठीण कवच पातळ, ठिसूळ किंवा डागाळलेले असणे. विदर्भातील यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असल्याने मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, तो प्रकार या चौथ्या वर्गातला. तो पाण्यामुळे होतो, उरलेल्यांपैकी पुष्कळसे प्रकार वंशपरंपरेने चालत येतात.

पाच टक्के की पंचाहत्तर?

दात सरळ करून घ्यायला येणाऱ्यांपैकी कितीजणांत अशी विसंगती सापडते, याची मोजणी अनेक देशांत झाली आहे. त्यांतील आकडे प्रथम वाचले तेव्हा मी चक्रावून गेलो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या तुर्कस्तानातील एका अभ्यासात 3,043 मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि सुमारे साडेपाच टक्के मुलांतच विसंगती आढळली. दोनच वर्षांनी, 2009 साली, त्याच देशातील 900 रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात हे प्रमाण 40 टक्के निघाले. त्याआधी 1998 साली ऑस्ट्रेलियात 111 रुग्ण तपासले होते, त्यांत तर सुमारे 75 टक्के जणांना किमान एक विसंगती होती. आपल्या देशातील 1,123 रुग्णांच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे 34 टक्के आहे. तो अभ्यास केवळ तारा लावणाऱ्यांचा नव्हता.

एकाच मालाचे पाच, चौतीस, चाळीस आणि पंचाहत्तर असे चार भाव कोणी सांगितले, तर आपण व्यापारी प्रथम काय विचारू? माप कोणते लावले? येथेही तेच विचारावे लागते. ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी पुढच्या दातांच्या मागील बाजूस असलेल्या सूक्ष्म खळग्यांचीही गणती केली, आणि त्या एकट्या प्रकारानेच सव्वीस टक्के जागा व्यापली. ज्यांनी केवळ ठळक प्रकार मोजले, त्यांची बेरीज साहजिकच लहान झाली. कोणी अक्कलदाढा धरतो, कोणी वगळतो. जगभरातील अभ्यासांचा मेळ घालून 2015 साली मांडलेल्या हिशेबानुसार सुमारे 22 ते 23 टक्के लोकांना किमान एक अक्कलदाढ जन्मतःच नसते. ती धरली की आकडा एकदम फुगतो. म्हणून "इतके टक्के" असे ऐकताच "कशाचे?" हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ऑर्थोडॉन्टिस्टकडे येणारे लोक म्हणजे सर्वसाधारण समाज नव्हे. दुकानात परत आलेल्या मालावरून साऱ्या मालाची परीक्षा केली तर तोटाच दिसणार. ज्याच्या दातांत फट आहे, सुळा आलेला नाही, पुढचा दात वळलेला आहे, तोच तज्ज्ञाकडे जातो. निमुळत्या बाजूच्या दाताविषयी 2013 साली प्रसिद्ध झालेले एक मोठे संकलन हा फरक स्पष्ट दाखविते. सर्वसाधारण लोकसंख्येत असा दात सुमारे 1.6 टक्के लोकांत, सामान्य दंतरुग्णांत 1.9 टक्के, तर दात सरळ करायला आलेल्यांत 2.7 टक्के आढळतो. शिवाय तज्ज्ञाकडे आलेल्या प्रत्येकाचा संपूर्ण एक्स-रे निघतो. समाजातील इतर लोकांच्या जबड्यात काय दडले आहे, हे कोणी पाहिलेलेच नसते.

सर्वसाधारण समाजात किती?

अक्कलदाढा वगळून एखादा कायमचा दात जन्मतःच नसणे, हे जगभरात सरासरी सहा-साडेसहा टक्के लोकांत आढळते, असे 2014 सालचे एक मोठे संकलन सांगते. म्हणजे शंभरातील सहा. शाळेतील चाळीस-पन्नास मुलांच्या एका वर्गात दोन-तीन मुले तरी अशी असणारच. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक असते. 2004 सालच्या संकलनानुसार ते सुमारे 1.37 पट भरते. सर्वाधिक वेळा खालची दुसरी उपदाढ नसते, त्याखालोखाल वरचा पटाशीशेजारचा दात आणि मग वरची दुसरी उपदाढ. जादा दाताचे प्रमाण साधारण एक ते तीन टक्के असून त्यात मुलांची संख्या मुलींच्या सुमारे दुप्पट असते. हा जादा दात बहुधा वरच्या दोन मधल्या दातांच्या बरोबर मध्ये असतो आणि त्यांना वर येऊ देत नाही. वरचा सुळा हाडात अडकण्याचे प्रमाण एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान आहे, आणि तेथेही मुलींची संख्या अधिक आहे.

आणखी एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. या विसंगती पुष्कळदा एकट्या येत नाहीत. 1998 सालच्या एका इटालियन अभ्यासाने दाखवून दिले की उपदाढ नसणे, बाजूचा दात बारीक असणे, दुधाची दाढ बाकी दातांच्या पातळीखाली रुतून राहणे, एनॅमल कच्चे असणे आणि सुळा टाळूकडे वळणे, यांचा परस्परांशी संबंध आहे. एक दिसले की दुसरे शोधावे. वर उल्लेखिलेल्या 2013 च्या संकलनानुसार ज्यांच्या एका बाजूचा दात निमुळता असतो, त्यांच्यापैकी सुमारे 55 टक्के लोकांच्या दुसऱ्या बाजूचा तोच दात नसतो. माझ्या पुतणीच्या तोंडात नेमके हेच होते. आम्हाला जे जगावेगळे वाटत होते, ते पुस्तकात लिहून ठेवल्याप्रमाणे घडलेले होते.

आजींचे गुपित

आता त्या रात्रीची हकीकत. जेवणे झाल्यावर दवाखान्यातील सर्व वृत्तांत वहिनींनी आईला, म्हणजे मुलांच्या आजीला सांगितला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने नातीला जवळ बसवून घेतले, स्वतःचा वरचा ओठ बोटाने वर केला आणि म्हणाली, "बघ गं. हा माझा दात जिऱ्याएवढा आहे. आणि या बाजूचा तर आलाच नाही. लग्नात मला सांगून ठेवलं होतं, तोंड मिटून हस म्हणून. मी साठ वर्षं तशीच हसले."

आम्ही मुलगे पन्नाशी ओलांडलेले. आपल्या आईचे दात आम्ही कधी पाहिलेच नव्हते. तिचे हसणे शांत, सोज्ज्वळ आहे असेच आम्हाला वाटत आले होते. त्यानंतर घरातील एकेकाचा हिशेब निघाला. दादांच्या वरच्या दातांत लहानपणापासून फट होती, ती सुपारीमुळे पडली असा सर्वांचा समज. मला स्वतःला अक्कलदाढा आल्याच नाहीत. यावरून घरात पुष्कळ विनोद झाले होते. आणि माझ्या मुलाचे प्रकरण तर आमच्या डोळ्यांसमोर घडले होते, पण त्याचा अर्थ आम्हाला लागला नव्हता.

तो दहा वर्षांचा असताना त्याची खालची दुधाची दाढ किडली. एका दवाखान्यात ती काढून टाकण्यात आली. "दुधाचीच आहे, खालून नवी येईल," असे आम्हाला सांगितले गेले आणि आम्हीही निश्चिंत झालो. एक्स-रे कोणी काढला नाही, आम्ही मागितलाही नाही. नवी उपदाढ आलीच नाही, कारण ती नव्हतीच. चार वर्षांत मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलली आणि समोरचा वरचा दात खाली उतरला. ती किडलेली दाढ उपचार करून राखली असती, तर कदाचित तिनेच पुढची वीस-तीस वर्षे काम दिले असते. ज्याच्या खाली वारस नाही अशी दुधाची दुसरी दाढ, तिची मुळे शाबूत असतील तर, प्रौढ वयातही उत्तम टिकते, हे मला नंतर समजले. दोष एकट्या त्या दवाखान्याला देऊन भागणार नाही. माल न मोजता पावती देण्याची चूक आम्हीही केली.

रक्तातून येणारा वारसा

दातांची घडण वंशपरंपरेने येते, ही जाणीव जुनी आहे. चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी व वनस्पती यांच्यातील बदलांविषयीच्या ग्रंथाच्या 1875 सालच्या आवृत्तीत सिंध प्रांतातील एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. त्या घराण्यातील चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून पटाशीचे केवळ चार लहान, दुबळे दात आणि आठ दाढा होत्या. अंगावर केस फार थोडे होते आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून त्यांना अतिशय त्रास होई. मुलींमध्ये हा दोष दिसत नसे, परंतु त्यांच्यामार्फत तो त्यांच्या मुलांमध्ये उतरत असे. आज हा विकार ओळखला गेला आहे आणि त्याचे जनुक 1996 साली सापडले. ज्या बालकाला दात फार थोडे आहेत, केस विरळ आहेत आणि घाम येत नाही, त्याला केवळ दंतवैद्याकडे न नेता बालरोगतज्ज्ञांकडेही न्यावे, हा त्यातील व्यवहारातला बोध. घाम न येणाऱ्या मुलाच्या जिवाला उन्हाळ्यातील ताप धोक्याचा ठरू शकतो.

दातांच्या घडणीशी निगडित असलेली आणखी काही जनुके त्यानंतर उजेडात आली: 1996 साली एमएसएक्स-1, 2000 साली पॅक्स-9. ही नावे लक्षात ठेवण्याचे आपल्याला कारण नाही. एक-दोन दात नसण्याच्या नित्याच्या प्रकारात बहुधा एकच जनुक कारणीभूत नसते, अनेक लहान कारणे एकत्र येतात. म्हणूनच एकाच घरात आजीचा दात बारीक, मुलाला अक्कलदाढ नाही, नातवाची उपदाढ नाही आणि नातीचा सुळा अडकलेला, असा वेगवेगळा वारसा दिसू शकतो. यात कोणाच्या आईचे वा बापाचे काही चुकलेले नसते. गरोदरपणी अमुक खाल्ले, तमुक पाहिले, असल्या गोष्टींनी सुनेला बोल लावणे हा तर निव्वळ अन्याय आहे.

वेळेचे मोल

या साऱ्या माहितीचा खरा उपयोग वेळेवर पाहण्यात आहे. वरचा सुळा उतरण्याआधी, वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीच्या बाहेरच्या बाजूला बोटाला फुगवटा लागतो. तो दोन्ही बाजूंना लागत नसेल, तर सुळा आत वळत असल्याची शंका घ्यावी. स्वीडनमधील दोन संशोधकांनी 1988 साली दाखवून दिले की अशा मुलांचा दुधाचा सुळा योग्य वयात काढला, तर टाळूकडे वळलेल्या 46 सुळ्यांपैकी 36 आपण होऊन मार्गावर आले. वेळ निघून गेल्यावर मात्र हिरडी उघडून, सुळ्याला बारीक साखळी चिकटवून, त्याला महिनोन् महिने हळूहळू खाली ओढावे लागते. क्वचित तो अडकलेला सुळा शेजारच्या दाताचे मूळच विरघळवून टाकतो, आणि वेदना होत नसल्याने ते कोणाच्या ध्यानात येत नाही. आम्ही पुतणीला दहाव्या वर्षी नेले असते तर कदाचित शस्त्रक्रिया टळली असती. तिच्या दातांकडे आम्ही केवळ स्थळांच्या निमित्ताने पाहिले, ही खंत मला वाटते.

मुलाला सात वर्षे पूर्ण झाली म्हणजे एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवून ठेवावे, अशी अमेरिकेतील या तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. त्याचा अर्थ सातव्या वर्षी तारा लावाव्यात असा नव्हे. घरी पाहण्याची खूण सोपी आहे. एका बाजूचा दात आला आणि सहा महिने उलटूनही दुसऱ्या बाजूचा जोडीदार आला नाही, तर एक्स-रे काढून घ्यावा. संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेला ओपीजी म्हणतात. फिनलंडमधील पाटेरो या दंतशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यास हे तंत्र विकसित केले. त्यातील किरणांची मात्रा निसर्गातून आपल्याला दोन-चार दिवसांत मिळते तेवढीच असते, म्हणून गरज असताना घाबरून तो टाळू नये, आणि गरज नसताना वारंवार काढूही नये. खालच्या दुसऱ्या उपदाढेचे बीज कधी कधी उशिरा तयार होते, यास्तव आठ-नऊ वर्षांपूर्वी "दात नाहीच" असा निर्णय घाईने देऊ नये.

तारा लावण्यापूर्वी पुढील गोष्टी तज्ज्ञांना अवश्य विचाराव्यात. सर्व दात मोजले काय? मुळांची लांबी आणि वळण पाहिले काय? जागा करण्यासाठी दात काढायचे असतील, तर कोणते व का? पुष्कळदा चारही पहिल्या उपदाढा काढून जागा केली जाते. ज्याची दुसरी उपदाढ जन्मतःच नाही त्याची पहिलीही काढली, तर भांडवलातच खोट आली. पुढच्या दाताच्या मागे खोल खळगा असेल, तर किडण्यापूर्वीच तो भरून घेता येतो.

उपाय आणि काही सावधगिरी

नसलेल्या दातासाठी दोन मार्ग असतात. एक, शेजारचे दात सरकवून जागा बंद करणे आणि सुळ्याला बाजूच्या दाताचा आकार देणे. दोन, जागा राखून तेथे कृत्रिम दात बसविणे. कोणता मार्ग योग्य, हे चेहऱ्याची ठेवण, दातांची चावण्याची रीत आणि सुळ्याचा रंग व आकार पाहून ठरते. निमुळत्या दातावर दाताच्या रंगाचे मिश्रण चढवून त्याला नीट रूप देता येते, त्यासाठी दात कोरावा लागत नाही, किंवा लागला तर नाममात्र.

इम्प्लांट, म्हणजे हाडात धातूचे मूळ बसवून त्यावर दात चढविणे, हे वाढीच्या वयात करू नये. जबडा वाढत राहतो, शेजारचे दात खाली उतरत राहतात आणि इम्प्लांट जागच्या जागी राहते. काही वर्षांनी तो दात आखूड दिसू लागतो. मुलींच्या बाबतीत किमान सतरा-अठरा आणि मुलांच्या बाबतीत वीस-एकवीस वर्षांपर्यंत थांबावे, असे सर्वसाधारणपणे सांगतात. लग्नाची तारीख गाठण्यासाठी पंधराव्या-सोळाव्या वर्षी इम्प्लांटचा आग्रह धरणे म्हणजे मुलीला पुढे पुन्हा उपचाराला बसविणे होय.

आपल्या शाकाहारी कुटुंबांनी एक प्रश्न आधीच विचारून घ्यावा. दात नसलेल्या जागी हाड बारीक झालेले असते आणि इम्प्लांटपूर्वी तेथे हाडाची भर घालावी लागू शकते. त्यासाठी वापरले जाणारे काही पदार्थ गाईच्या किंवा डुकराच्या अवयवांपासून तयार केलेले असतात. कृत्रिमरीत्या बनविलेले पर्यायही उपलब्ध आहेत. आपला आचार तज्ज्ञांना सुरुवातीसच स्पष्टपणे सांगितला, तर ते त्यानुसार योजना करतात. ऐन शस्त्रक्रियेच्या दिवशी हा प्रश्न उभा राहू देऊ नये.

खर्चाचाही विचार हवा. अडकलेला सुळा खाली आणायचा तर उपचार दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक चालतो. सर्वच कुटुंबांना खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नाही. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 पासून सुरू आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे वेळ अधिक लागतो, फेऱ्या अधिक होतात, परंतु खर्च पुष्कळच कमी येतो आणि अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम होते. समाजातील ज्या संस्था आरोग्य शिबिरे भरवितात, त्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या सुळ्यांची तपासणी त्यात घातली, तर थोड्या श्रमात पुष्कळ मुलांच्या शस्त्रक्रिया टळतील.

लपविण्यासारखे काय आहे?

शेवटी थोडे मनातले. शंभरातील सहाजणांना जे असते, ते व्यंग म्हणून लपवावे काय? पाहुण्यांसमोर मुलीला "ओठ मिटून हस" असे सांगताना आपण तिच्या मनावर काय कोरतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही. माझ्या आईने साठ वर्षे ते ओझे वाहिले आणि घरातील कोणालाही त्याचा पत्ता लागला नाही. तिने ते चाळीस वर्षांपूर्वी सांगितले असते, तर तिच्या नातवाची दाढ वाचली असती आणि नातीचा सुळा वेळेत मार्गावर आला असता. लपविलेल्या गोष्टीचा भुर्दंड पुढच्या पिढीने भरला. यात तिचा दोष नाही. ज्यांनी तिला गप्प राहायला शिकविले, त्या रीतीचा आहे.

पुतणीचा उपचार अजून चालू आहे. मार्चमध्ये तिची लहान शस्त्रक्रिया झाली, सुळ्याला साखळी बसली आणि तो महिन्यागणिक थोडा थोडा खाली येत आहे. मधल्या काळात निमुळत्या दाताला तात्पुरते रूप दिले आहे. दर महिन्याला दवाखान्यात जाताना ती आता आजीलाही बरोबर नेते. डॉक्टरांनी आजीचाही दात भरून देण्याची तयारी दर्शविली, तेव्हा आई म्हणाली, "माझं राहू द्या. मला तो आता दाखवायला आवडतो."

घरच्या वहीच्या मागच्या पानावर मी आता प्रत्येकाच्या नावापुढे दातांची नोंद केली आहे: कोणाला कोणता दात नाही, कोणाचा बारीक, कोणाचा एक्स-रे कोणत्या वर्षी काढला. दादांची धाकटी मुलगी पुढच्या वर्षी दहा वर्षांची होईल. तिच्या नावापुढे तपासणीचा महिना आधीच लिहून ठेवला आहे. वाचकांनीही आपल्या घरी एकदा आरशासमोर मुलांना बसवून ही मोजणी करावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या दातांविषयी आदराने विचारावे, एवढीच विनंती.